सिनसिनॅटी : अल्पपरिचित स्थळे व खाद्यपरंपरा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या मध्यपश्चिम भागातील, ओहायओ राज्यातले ओहायओ नदीच्या उत्तर तीरावरील शहर. लोकसंख्या ३,०९,३१७ (२०२०). नदीपलीकडील कव्हिंग्टन व न्यूपोर्ट ही गावे केंटकी राज्यात मोडतात. पण खाण्यापिण्याचा विषय निघाला की ती याच शहरात धरावी लागतात. नदीकाठची क्रीडांगणे आणि १८६७ साली खुला झालेला रोब्लिंगचा झुलता पूल यांची माहिती कोणत्याही प्रवासपुस्तिकेत मिळते. प्रस्तुत नोंदीत तेथे सहसा न येणाऱ्या जागांचा व पदार्थांचा विचार केला आहे.

वसाहत १७८८ मधली. तिचे पहिले नाव ‘लोसँटिव्हिल’ हे जॉन फिल्सन या शिक्षकाने जुळवले होते. लिकिंग नदीचा ‘ल’, लॅटिन ‘ओस’ (मुख), ग्रीक ‘अँटी’ (समोर) व फ्रेंच ‘व्हिल’ (गाव) मिळून ‘लिकिंगच्या मुखासमोरचे गाव’. १७९० मध्ये गव्हर्नर आर्थर सेंट क्लेअर याने ते बदलून सध्याचे नाव दिले. पुढे डुकराच्या मांसाच्या व्यापारामुळे शहराला ‘पोर्कोपोलिस’ म्हणू लागले आणि एकोणिसाव्या शतकात येथे जर्मन लोक मोठ्या संख्येने आले. मायामी-ईअरी कालव्याच्या उत्तरेला त्यांची वस्ती होती. कालव्याला थट्टेने ‘ऱ्हाइन’ म्हणत, म्हणून वस्ती झाली ‘ओव्हर-द-ऱ्हाइन’, म्हणजे ऱ्हाइनपलीकडची. कालवा गेला, नाव राहिले.

सिनसिनॅटी चिली : शहराचा सर्वांत प्रसिद्ध पदार्थ, आणि मुळाविषयी सर्वाधिक वाद असलेलाही. नावात चिली असले तरी टेक्ससमधील तिखट, घट्ट चिलीशी याचा संबंध दूरचा आहे. हा गोमांसाचा पातळ खिमा. त्यात दालचिनी, लवंग, ऑलस्पाइस, जिरे व तमालपत्र पडते. खिमा परतत नाहीत. कच्चाच थंड पाण्यात हाताने मोडून मग उकळतात, त्यामुळे त्याचा कण अगदी बारीक राहतो. रात्रभर थंड करून वर धरलेली चरबी काढून टाकण्याचीही पद्धत आहे. चॉकलेट घालतात हा समज घरगुती पाककृतींतून फार पसरला आहे. दुकानांच्या मूळ पाककृती मात्र गुप्त असल्याने त्यावर विसंबू नये.

हा खिमा स्पॅगेटीवर वाढतात आणि थरांच्या संख्येवरून मागवतात. स्पॅगेटी व चिली म्हणजे ‘टू-वे’. त्यावर चीज आले की ‘थ्री-वे’. कांदा किंवा घेवड्याचे दाणे घातले की ‘फोर-वे’, आणि दोन्ही असले की ‘फाइव्ह-वे’. लंबगोल ताटलीत सर्वांत वर पिवळ्या चेडर चीजच्या केसासारख्या बारीक किसाचा ढीग येतो. तो इतका उंच असतो की खालचे काही दिसत नाही. मात्र खालच्या वाफेने कडेचा कीस वितळू लागलेला असतो. जाणकार स्पॅगेटी काट्याला गुंडाळत नाहीत. काट्याच्या कडेने उभे काप घेतात, म्हणजे प्रत्येक घासात सगळे थर येतात. सोबत छोटी खारी बिस्किटे असतात. लहान सॉसेजच्या पावावर मोहरीची चटणी, हीच चिली, कांदा व चीज घातले की त्याला ‘कोनी’ म्हणतात.

पदार्थाचा आरंभ साधारणपणे १९२२ मध्ये धरतात. त्या वर्षी टॉम (आतानास) व जॉन (इव्हान) किराजिएफ या बंधूंनी व्हाइन मार्गावर एम्प्रेस नावाच्या नाट्यगृहाशेजारी त्याच नावाचे दुकान काढले. आधी खिमा स्पॅगेटीत कालवून देत. गिऱ्हाइकांच्या मागणीवरून तो वर घालू लागले आणि चीज त्यानंतर केव्हातरी आले, असे सांगतात. या टप्प्यांची नेमकी साले देणाऱ्या कथांवर फार भार टाकता येत नाही.

बंधूंचे मूळ गाव हृपिश्ता. ते त्यांच्या जन्मकाळी ऑटोमन साम्राज्यात होते. आज ते ग्रीसमध्ये असून आर्गोस ओरेस्तिको या नावाने ओळखले जाते. वादाचे मूळ येथेच आहे. एक पक्ष पदार्थ ग्रीक मानतो. मॅकरोनीवर घालायचा दालचिनीयुक्त ‘साल्त्सा किमा’ किंवा पास्तित्सिओ या थर लावून भाजलेल्या ग्रीक पदार्थातील खिम्याचा थर हेच त्याचे मूळ, असे त्याचे म्हणणे. दुसरा पक्ष किराजिएफ बंधू स्लाव्हभाषक मॅसिडोनियन होते यावर बोट ठेवून ‘ग्रीक’ हे विशेषण नाकारतो. तिसऱ्या मतानुसार न्यूयॉर्क व डिट्रॉइट या शहरांत बाल्कन प्रदेशातून आलेल्या दुकानदारांनी सॉसेजच्या पावासाठी जो खिम्याचा सॉस रूढ केला, त्याचीच ही शाखा आहे. ‘कोनी’ हे न्यूयॉर्कमधील कोनी आयलंडवरून आलेले नाव या मताला बळ देते. मिरचीपूड व जिरे अमेरिकेत आल्यावर मिळाले, याविषयी फारसे दुमत नाही.

शब्दांचा पुरावा या वादात सहसा विचारात घेतला जात नाही. तो घ्यायला हवा, आणि मराठी वाचकाला तो चटकन पटेल. ग्रीक ‘किमास’ हा तुर्की ‘किय्मा’ (बारीक चिरलेले मांस) यापासून आला. तोच शब्द फार्सीतून हिंदुस्थानात येऊन आपला ‘खिमा’ झाला, असे बहुतेक कोशकार मानतात. ‘किराजिएफ’ आडनावातही हेच दडलेले दिसते. ‘किराजी’ म्हणजे भाड्याने खेचरे हाकणारा. त्यातील ‘किरा’ आणि आपला ‘किराया’ यांचे मूळ अरबीत एकच आहे. ‘जी’ प्रत्यय मशालची, तोफची यांतल्या ‘ची’चा सख्खा भाऊ. त्याला ‘एफ’ हा स्लाव्ह प्रत्यय लागला. अरबी धातू, तुर्की प्रत्यय, स्लाव्ह शेवट आणि आजच्या ग्रीसमधले गाव, असे सगळे एका आडनावात नांदत असताना त्या घरच्या खिम्यावर एकाच राष्ट्राचा शिक्का मारणे कठीण जाते. ऑटोमन प्रदेशात सामाईक असलेली पाकपरंपरा अमेरिकी उपाहारगृहात नव्याने मांडली गेली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. दालचिनी-लवंगेच्या खिम्यावर वाढलेल्या मराठी माणसाला हा वास अनोळखी वाटणार नाही; अनोळखी वाटेल तो खालचा स्पॅगेटी.

पुढची बरीच दुकाने एम्प्रेसच्या भटारखान्यातून फुटली. न्यूपोर्टचे डिक्सी चिली (१९२९) आणि ग्रीसमधील कास्तोरियाहून आलेल्या निकोलस लांब्रिनिडिस यांचे स्कायलाइन (१९४९) ही त्यांतली महत्त्वाची. स्कायलाइनचे पहिले दुकान प्राइस हिल या टेकडीवर होते आणि तेथून शहराची क्षितिजरेषा दिसे म्हणून ते नाव. गोल्ड स्टार (१९६५) जॉर्डनहून आलेल्या दाऊद बंधूंचे. प्रवाशाला साखळी दुकाने सहज सापडतात; पण वेळ एकाच जागेसाठी असेल तर १९४० पासूनच्या कॅम्प वॉशिंग्टन चिली या उपाहारगृहात जावे. त्याला २००० साली खाद्यक्षेत्रातील पुरस्कार देणाऱ्या जेम्स बीअर्ड प्रतिष्ठानाचा ‘अमेरिकाज क्लासिक्स’ हा सन्मान मिळाला.

गेटा : जर्मन वस्तीचा न्याहारीचा पदार्थ. डुकराचे व गाईचे मांस, कांदा, तमालपत्र आणि भरड कापलेले ओट एकत्र तासन्‌तास शिजवून साच्यात थापतात. गार झाल्यावर पाटवडीसारख्या जाड वड्या पाडून तव्यावर परततात. परतताना घाई करायची नाही. खालची बाजू खरपूस तपकिरी होऊन आपोआप सुटेपर्यंत वडी हलवली तर तिचा भुगा होतो. मूळ वायव्य जर्मनीत असावे. नावाचा संबंध भरड धान्याच्या जर्मन शब्दाशी जोडतात. मांस पुरवून पुरवून खाण्यासाठी धान्य मिसळण्याची ही गरिबीतली युक्ती आज शहराच्या अभिमानाचा विषय झाली आहे. कव्हिंग्टनमधील ग्लायर (१९४६) हा तिचा सर्वांत मोठा उत्पादक.

गेटा विकत घ्यायला योग्य जागा म्हणजे ओव्हर-द-ऱ्हाइनमधील फिंडली मंडई. लोखंडी सांगाड्याची ही मंडई १८५५ मध्ये सुरू झाली. ओहायओतील अखंड चालू असलेली ती सर्वांत जुनी सार्वजनिक मंडई होय. आइस्क्रीमसाठी ग्रेटर (१८७०) हे घराणे नावाजलेले. फिरत्या भांड्याच्या गार भिंतीवर मिश्रण पसरून खरवडून काढण्याची जुनी रीत त्यांनी सोडलेली नाही. पातळ चॉकलेट त्यात ओतले की भिंतीवर गोठते आणि ते फोडताना मोठाले तुकडे पडतात. अर्नोल्ड्स (१८६१) हा शहरातील सर्वांत जुना चालू मद्यालय म्हणून ओळखला जातो. त्याच्या माडीवरच्या न्हाणीटबात दारूबंदीच्या काळी जिन बनवत, अशी आख्यायिका आहे.

भुयारी रेल्वे : कालवा निरुपयोगी झाल्यावर त्याच्या पात्रातून भुयारी रेल्वे नेण्याचे ठरले. १९१६ मध्ये नागरिकांनी ६० लाख डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली. पण महायुद्धामुळे काम लांबले आणि १९२० मध्ये ते सुरू होईपर्यंत भाव वाढून पैसा अपुरा पडला. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात काम थांबले. सुमारे तीन किलोमीटर बोगदे व काही स्थानके बांधून तयार होती, परंतु एकही प्रवासी त्यांतून गेला नाही. १९२८ मध्ये वरून सेंट्रल पार्कवे हा रस्ता झाला. पुढे बोगद्यातून पाण्याची मोठी नळवाहिनी टाकली गेली, एका स्थानकात अणुहल्ल्यापासून बचावाचे निवारागृह केले गेले. कर्ज मात्र १९६६ पर्यंत फिटत होते. बोगदे लोकांसाठी खुले नाहीत.

मर्कंटाइल ग्रंथालय (स्थापना १८३५) वॉलनट मार्गावरील इमारतीच्या वरच्या मजल्यांवर आहे. ग्रंथालय पूर्वी सिनसिनॅटी महाविद्यालयाच्या इमारतीत होते; १८४५ च्या आगीत ती इमारत जळाल्यावर ग्रंथालयाच्या सभासदांनी पुनर्बांधणीसाठी १०,००० डॉलर दिले आणि बदल्यात जागेचा १०,००० वर्षांचा भाडेपट्टा मिळवला. तो आजही लागू आहे. थॅकरे, एमर्सन व मेलव्हिल यांनी येथे व्याख्याने दिली.

प्राणिसंग्रहालय (१८७५) प्रसिद्धच आहे, परंतु त्यातील एका लहान जपानी धाटणीच्या पक्षिगृहापाशी फारसे कोणी थांबत नाही. अब्जावधींच्या थव्यांनी उडणाऱ्या प्रवासी कबूतर या जातीचा शेवटचा पक्षी, ‘मार्था’ नावाची मादी, १ सप्टेंबर १९१४ रोजी या संग्रहालयात मेली. तिचा देह बर्फाच्या लादीत गोठवून वॉशिंग्टनला स्मिथसोनियन संस्थेकडे पाठवला. कॅरोलायना पोपटाचा बंदिवासातला शेवटचा ज्ञात पक्षी, ‘इंकास’, फेब्रुवारी १९१८ मध्ये येथेच गेला. पक्षिगृह आता स्मारक आहे. शहरात दुसरे काही पाहता आले नाही तरी हे पाहावे.

दुकानांच्या जुन्या पाट्यांचे अमेरिकन साइन म्युझियम २०१२ पासून कॅम्प वॉशिंग्टन भागात आहे. सोनेरी अक्षरांपासून निऑनपर्यंतचा क्रम तेथे नीट लावलेला आहे. माउंट ॲडम्स टेकडीवरील चर्चच्या पायऱ्या गुड फ्रायडेला भाविक प्रत्येक पायरीवर प्रार्थना म्हणत चढतात.

युनियन टर्मिनल (१९३३) हे अर्धघुमटाचे रेल्वेस्थानक आता मुख्यतः संग्रहालय आहे. प्रवेशदालनाच्या कमानीच्या एका टोकाशी भिंतीकडे तोंड करून कुजबुजले तर दुसऱ्या टोकाला उभ्या माणसाला ते स्पष्ट ऐकू येते. स्थानकाजवळची केन्यन-बार ही बहुतांशी कृष्णवर्णीय वस्ती नगर-पुनर्रचनेच्या नावाखाली १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून पाडण्यात आली. सुमारे २५ हजार लोक उठवले गेले. घरांबरोबर दुकाने, चर्च आणि खानावळीही गेल्या. या शहराच्या खाद्येतिहासात जर्मन व बाल्कन पदार्थांनाच इतकी जागा मिळते, त्याचे हेही एक कारण मानावे लागेल. पाडण्यापूर्वी पालिकेने इमारतींची छायाचित्रे घेतली. त्यांत दारापुढे क्रमांकाची पाटी हातात धरून उभा असलेला माणूस दिसतो. ती छायाचित्रे आज युनियन टर्मिनलमधील संग्रहालयाच्या इतिहासविभागात जपून ठेवली आहेत.