मॉनिटर जोडता येत नाही, म्हणून बोर्ड भंगारात?

भंगारातून मिळालेल्या एम्बेडेड बोर्डाला (एकाच पाटीवरच्या छोट्या संगणकाला) मॉनिटरचं पोर्ट नसेल तर त्यावर ओपनबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टम चढवता येत नाही, हा जुना समज साफ चुकीचा आहे. नऊ पिनांचं सिरीयल पोर्ट हाच त्याचा पडदा आणि कीबोर्ड. पीसी इंजिन्स कंपनीच्या अ‍ॅलिक्स २डी१३ या अशाच बोर्डाला नल-मोडेम केबलने (दोन संगणकांची सिरीयल पोर्टं थेट जोडणारी केबल) दुसरा संगणक जोडा, त्यावरच्या टर्मिनल प्रोग्रॅमचा वेग सेकंदाला ३८४०० बिट ठेवा; बायोस, म्हणजे बोर्ड सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम, बोलू लागेल.

खरी फसगत पुढे. ओपनबीएसडी सुरू होताना आज्ञा विचारतं, त्या बूट प्रॉम्प्टवर नुसतं 'सेट टीटीवाय कॉम०' (पडदा म्हणून सिरीयल पोर्ट वापर) दिलं की ओपनबीएसडी ९६०० वेगाने बोलतं आणि पडद्यावर कचरा उमटतो. लोक इथेच बोर्ड मेला म्हणतात! आधी वेग ठरवणारी 'एसटीटीवाय कॉम० ३८४००' ही आज्ञा द्या. यूएसबीवरून मात्र हा बोर्ड बूट होत नाही. नेटवर्कवरून करा, नाहीतर त्याचं कॉम्पॅक्टफ्लॅश मेमरी कार्ड दुसऱ्या मशीनवर तयार करून आणा.