सौरचक्र : रेडिओ तरंग व हवामान (कोल्हापूरच्या संदर्भात)

सूर्यावरील डागांची संख्या सरासरी ११ वर्षांच्या आवर्तनाने कमीजास्त होते. या आवर्तनास सौरचक्र म्हणतात. जर्मन निरीक्षक श्वाबे यांनी १८४३ मध्ये हा काळ सुमारे १० वर्षांचा मानला. स्विस खगोलशास्त्रज्ञ वोल्फ यांनी जुन्या नोंदी जुळवून तो ११ वर्षांवर आणला. सध्याचे २५ वे चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाले.

डाग वाढले की सूर्याचे अतिनील व क्ष-किरण वाढतात आणि आयनांबरातील (वातावरणाच्या विद्युत्‌भारित वरच्या भागातील) एफ-२ हा उंचावरचा थर दाट होतो. मग एरवी अवकाशात निसटणारे २८ मेगाहर्ट्‌झच्या आसपासचे लघुतरंगही परावर्तित होतात व हौशी रेडिओचालकांना दूर खंडांतील संदेश ऐकू येतात. सौरज्वालेच्या (सूर्यावरील अचानक स्फोटाच्या) वेळी मात्र खालचा डी थर हे तरंग शोषून घेतो. कोल्हापूर (सुमारे १६.७° उ.) चुंबकीय विषुववृत्ताच्या (पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र जेथे आडवे असते त्या रेषेच्या) उत्तरेस, पण अहमदाबाद-भोपाळ पट्ट्यातील आयनीभवनाच्या शिखराच्या (आयनांबर जेथे सर्वांत दाट असते त्या भागाच्या) दक्षिणेस येते. सूर्यास्तानंतर चुंबकीय विषुववृत्ताजवळ उठणारे विरळ आयनद्रायूचे (विद्युत्‌भारित वायूचे) ‘बुडबुडे’ येथून टिपता येतात, ही या स्थानाची खरी मोलाची बाजू होय. सौरकमालाच्या (डाग सर्वाधिक असण्याच्या) वर्षांत, विशेषतः विषुवदिनांच्या (दिवस-रात्र समान असण्याच्या) सुमारास, ते अधिक उद्‌भवतात व उपग्रहांचे संकेत लुकलुकतात. शिवाजी विद्यापीठाच्या आवारातील भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या मध्यम-कंप्रता (मध्यम वारंवारतेचे रेडिओ तरंग वापरणाऱ्या) रडारने ८० ते १०० किमी. उंचीवरील वारे मोजले जातात.

हवामानाशी असलेला संबंध मात्र वादग्रस्त आहे. १८७६–७८ च्या दुष्काळात दख्खन होरपळत असताना डागांची संख्या घटलेली होती. ब्रिटिश अधिकारी हंटर व खगोलशास्त्रज्ञ लॉकयर यांनी १८७७ मध्ये मद्रासच्या पर्जन्यनोंदींवरून डाग व दुष्काळ यांची सांगड घातली. मॉरिशसचे हवामानशास्त्रज्ञ मेल्ड्रम यांनी त्याआधीच हिंदी महासागरातील चक्रीवादळे डागांशी जोडली होती. पुढे भारतीय हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी अधिक व्यापक आकडेवारी तपासली, तेव्हा सहसंबंध क्षीणच आढळले. वॉकर यांचे मत अधिक ग्राह्य वाटते. कारण चक्रभरात सूर्याची एकूण ऊर्जा जेमतेम ०.१ टक्क्याने बदलते. अतिनील प्रारणातील बदल मोठा असतो व त्याने स्थितांबर (ढगांच्या वरचा वातावरणाचा थर) तापते. परंतु त्याचा परिणाम खालच्या वाऱ्यांपर्यंत किती पोचतो, याविषयी एकमत नाही. गगनबावड्यात धो-धो पाऊस व शिरोळकडे तुटपुंजा, हा फरक सह्याद्रीच्या रांगांमुळे पडतो. वर्षावर्षांतील चढउतारांत एल निनोचा (प्रशांत महासागराचे पाणी तापण्याच्या घटनेचा) वाटा सौरडागांपेक्षा पुष्कळ मोठा आहे.