ड्यूक, हेर्त्सोग आणि व्होयव्होदा : युरोपीय किताबांची पार्श्वभूमी

युरोपातील सरदारी किताब आज घराण्यांची बिरुदे वाटत असले, तरी त्यांपैकी बरेचसे मुळात हुद्दे होते. लॅटिनमध्ये ‘दुक्स’ म्हणजे पुढे होऊन नेणारा. रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळात सरहद्दीवरील फौजेच्या सेनापतीला हे नाव होते, आणि त्यातूनच फ्रेंच ‘द्युक’, इटालियन ‘दुका’ व व्हेनिसचा ‘दोजे’ निघाले. इंग्रजीने ‘ड्यूक’ हा शब्द फ्रेंचमधून घेतला. इंग्लंडमध्ये पहिली डची (ड्यूकची जहागीर) मात्र १३३७ मध्ये, तिसऱ्या एडवर्डच्या थोरल्या मुलासाठी, निर्माण झाली.

जर्मन भाषेने त्याच पदासाठी ‘सैन्य’ आणि ‘नेणे’ या अर्थांचे शब्द जोडून ‘हेर्त्सोग’ हा शब्द वापरला. स्लाव्ह भाषांतील ‘व्होयव्होदा’ची घडणही हीच आहे. बोस्नियातील स्त्येपान वुकचिच कोसाचा हा सरदार मुळात व्होयव्होदा होता, पण १४४८ मध्ये त्याने ‘हेर्त्सेग’ हा जर्मन वळणाचा किताब धारण केला आणि त्याच्या मुलखाला पुढे हर्झेगोव्हिना हे नाव पडले. घराण्याची सत्ता काही दशकांतच ओसरली, किताब नकाशावर राहिला. मराठी वाचकाला येथे ‘पेशवा’ आठवणे साहजिक आहे : फारसीत त्याचाही अर्थ पुढे असणारा असाच, आणि तोही हुद्दा बालाजी विश्वनाथांनंतर एकाच घराण्यात वंशपरंपरेने चालत राहिला.

‘काउंट’ची कथा निराळी. लॅटिन ‘कोमेस’ म्हणजे सोबती, सम्राटाच्या सहवासातला माणूस. फ्रँक राज्यात तो प्रांताचा कारभारी झाला. ८७७ मध्ये फ्रँक राजा टकल्या चार्ल्सने किएर्झी येथे, स्वारीच्या काळात काउंट मरण पावल्यास त्याच्या मुलाच्या हक्काचा विचार व्हावा, अशी तजवीज केली, आणि नेमणुकीचे वतन होण्याची वाट अधिक रुंद झाली. याच शब्दाच्या पोर्तुगीज रूपाने, ‘कोंदे’ म्हणून, १५१९ मध्ये वास्को द गामाचा गौरव झाला. इंग्लंडमध्ये नॉर्मन विजयानंतरही जुना ‘अर्ल’ टिकला. त्याच्या पत्नीला मात्र ‘काउंटेस’ म्हणतात, कारण ‘अर्ल’चे स्त्रीलिंगी रूप इंग्रजीत रुळलेच नाही.

जर्मनांनी ‘काउंट’ऐवजी ‘ग्राफ’ ठेवला. पीटर द ग्रेटने तोच शब्द रशियात नेला आणि १७०६ मध्ये सेनापती शेरेमेत्येव्हला ‘ग्राफ’ केले. तेथे तो पहिल्यापासूनच हुद्दा नव्हता, निव्वळ मान होता.