स्तनाचा कर्करोग हाडात उतरणार, हे आधी ओळखता येतं का?

बीड, धाराशिवकडे बाईची कंबर दुखणं हा आजार धरलाच जात नाही. मोळ्या उचलल्या, खुरपायला बसली, हंडे वाहिले, दुखणारच. त्यामुळे स्तनाच्या गाठीचं ऑपरेशन होऊन चार-पाच वर्षं झालेल्या बाईची पाठ धरली, तरी आधी मलम, मग गोळ्या, मग गावातल्या डॉक्टरचं इंजेक्शन असा क्रम लागतो. एक्स-रे निघेपर्यंत एखादा मणका दबलेला असतो. स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या स्त्रियांच्या शवविच्छेदनांत सुमारे 70 टक्के जणींच्या हाडांत रोग पोचलेला आढळला आहे. मणका, कंबरेचं हाड, बरगड्या, मांडीचं हाड या त्याच्या ठरलेल्या जागा. कुणाच्या हाडात तो जाणार, हे आधी सांगता यावं यासाठीची खटपट सव्वाशे वर्षांहून जुनी आहे.

1889 मध्ये लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट स्तनाच्या कर्करोगाने मेलेल्या 735 स्त्रियांच्या नोंदी काढून बसले. यकृतात रोग वारंवार दिसत होता, प्लीहेत मात्र क्वचितच. केवळ रक्ताबरोबर वाहत जाण्याचा प्रश्न असता, तर दोन्हींकडे सारखाच गेला असता. पॅजेट म्हणाले, कर्करोगाची पेशी म्हणजे बी. ते चहूकडे उधळलं जातं, पण रुजतं मानवणाऱ्या मातीतच. काळ्या रानात जे येतं ते बरडावर येत नाही, हे मराठवाड्याला कुणी वेगळं सांगायला नको. पुढे अमेरिकन रोगतज्ज्ञ जेम्स यूइंग यांनी हे मत मागे सारलं आणि पसरण्याचं सगळं श्रेय रक्त-लसिकेच्या वाटांना दिलं. 1940 मध्ये शरीररचनाशास्त्रज्ञ ऑस्कर बॅटसन यांनी मणक्याभोवतीचं झडपा नसलेलं शिरांचं जाळं दाखवल्यावर या मताला आणखी बळ आलं. वाट खरी होतीच. पण वाटेने गेलेल्या पेशी मुक्कामाला कुठे थांबतात, याचं उत्तर त्यात नव्हतं.

ते मिळालं हाडाच्या घडणीतून. हाड जन्मभर मोडत आणि बांधलं जात असतं. मोडणाऱ्या पेशी वेगळ्या, बांधणाऱ्या वेगळ्या. 1987 मध्ये पीटीएचआरपी हे प्रथिन ओळखलं गेलं. गाठीच्या पेशी ते सोडतात. त्याने बांधणाऱ्या पेशींकडून रँक-लिगँड नावाचा निरोप जातो आणि मोडणाऱ्या पेशी चेकाळतात. हाड विरघळलं की त्यात साठलेले वाढीचे घटक, विशेषतः टीजीएफ-बीटा, बाहेर पडतात आणि गाठीलाच पोसतात. पोसलेली गाठ आणखी पीटीएचआरपी सोडते. हाडांचे संशोधक ग्रेगरी मंडी यांनी या दुष्टचक्राची मांडणी रुजवली. हाड गळतं तसं रक्तातलं कॅल्शियम वाढतं, आणि बाई ‘तोंड कोरडं पडतं, काही सुचत नाही’ म्हणते, तेही यातूनच.

चक्र कळल्यावर त्याच्या खुणा रक्तात शोधणं ओघाने आलं. अल्कलाइन फॉस्फटेज ही सर्वांत जुनी आणि स्वस्त खूण तालुक्याच्या लॅबमध्येही होते. पण ती यकृताच्या आजारातही वाढते आणि हाडाचं नुकसान झाल्यावर बोलते. त्याहून नेमक्या म्हणजे हाड मोडल्यावर सुटणारे सीटीएक्स, वन-सीटीपी आणि हाड बांधताना सुटणारं पीवनएनपी. झोलेड्रोनिक अॅसिड या हाड मोडणं रोखणाऱ्या औषधाच्या ‘अझूर’ या मोठ्या चाचणीतल्या स्त्रियांचं साठवलेलं रक्त तपासून 2018 मध्ये आलेला निष्कर्ष मला फार बोलका वाटतो. या तिन्ही खुणा ज्यांच्यात जास्त, त्यांच्यात पुढे हाडात रोग जाण्याचं प्रमाण जास्त. पण त्या औषधाचा फायदा कुणाला होईल, हे त्यांतली एकही सांगू शकली नाही. धोका सांगणारी आणि उपाय सुचवणारी खूण एकच असते, हा गैरसमज डॉक्टरांमध्येही असतो.

दुसरा शोध गाठीतच चालू होता. 2003 मध्ये कर्करोग संशोधक जोन मसागे यांच्या गटाने हाडात जाणाऱ्या पेशींमध्ये एकत्र चढलेल्या जनुकांचा एक संच दाखवला. त्यानंतर नाव आलं ‘मॅफ’ या जनुकाचं. 2017 मध्ये अझूरमधल्या गाठींचे नमुने तपासले, तेव्हा साधारण पाचांतल्या एकीत त्याच्या प्रती वाढलेल्या होत्या. ज्यांच्यात त्या वाढल्या नव्हत्या, त्यांना झोलेड्रोनिक अॅसिडचा फायदा झाला. ज्यांच्यात वाढल्या होत्या आणि पाळी अजून थांबली नव्हती, त्यांचं मात्र या औषधाने नुकसान झाल्याचं दिसलं.

अशी खूण खरी ठरायला हजारो बायकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा लागतो, आणि ते काम मराठवाड्याला नवं नाही. 1987 साली सुरू झालेल्या बार्शीच्या ग्रामीण कर्करोग नोंदणीत धाराशिवचे परंडा आणि भूम हे तालुके गावं-वस्त्यांसकट धरलेले आहेत. धाराशिव जिल्ह्यातल्या 1,31,746 स्त्रियांवर झालेल्या चाचणीने 2009 मध्ये दाखवून दिलं की, एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. जगभरच्या धोरणात ती चाचणी आजही गाजते.

हाडांच्या बाबतीत सध्या हातात असलेली सर्वांत उपयोगी खूण मात्र जनुकात नाही. 2015 मध्ये 18,766 स्त्रियांच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या गेल्या. पाळी गेलेल्या स्त्रियांत बिस्फॉस्फोनेट औषधांनी (झोलेड्रोनिक अॅसिड त्यांतलंच) दहा वर्षांतलं हाडात रोग परतण्याचं प्रमाण 8.8 वरून 6.6 टक्क्यांवर, तर स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू 18 वरून 14.7 टक्क्यांवर आले. पाळी चालू असलेल्यांना तसा फायदा दिसला नाही. म्हणजे माती ओळखायची ती पाळीवरून. झोलेड्रोनिक अॅसिड सहा महिन्यांनी एकदा सलाइनमधून देतात, साधारण तीन वर्षं. त्याआधी मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, मग कॅल्शियम आणि दात पाहायचे. मिश्रीने हिरड्या गेलेल्या बाईचा दात औषध चालू असताना काढावा लागला, तर जबड्याचं हाड सडण्याची भीती असते.

आणि नेमकी इथेच बीडची अडचण येते. 2019 मध्ये सरकारी समितीसाठी जिल्ह्यातल्या 82 हजारांवर ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली निघाली, कित्येकींची चाळिशीच्या आत. अशा बाईला ‘पाळी येते का?’ विचारलं, तर ती ‘नाही’ म्हणणार आणि केसपेपरवर ‘रजोनिवृत्त’ लिहिलं जाणार. पण पिशवी गेली तरी अंडाशय राहिलेले असू शकतात, आणि ते राहिले तर संप्रेरकांच्या दृष्टीने ती अजून पाळीतलीच असू शकते. तिच्या बाबतीत ऑपरेशनच्या कागदावर अंडाशय काढल्याची नोंद आहे का ते पाहायचं, आणि कागद हरवला असेल, जो बहुधा हरवलेलाच असतो, तर एफएसएच आणि एस्ट्रॅडिऑल ही संप्रेरकं रक्तातून तपासून मगच हाडाच्या औषधाचं ठरवायचं.