ऑपरेटिंग सिस्टीमच्या खाली काय असते?

सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या घरी डेबियन लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणारा एक जुना संगणक आहे. बटण दाबल्यावर काही सेकंदांनी काळ्या पडद्यावर ‘लोडिंग इनिशियल रॅमडिस्क’ अशी ओळ उमटते आणि वाचून होते न होते तोच निघून जाते. संगणक शिकणाऱ्याने या ओळीपाशी जरूर थांबावे, कारण कोणतीही ऑपरेटिंग सिस्टीम एकटी उभी राहत नाही, हे तिच्यातून कळते.

अडचण अशी की, ऑपरेटिंग सिस्टीम डिस्कवर असते, डिस्क वाचणे हे तिचेच काम असते आणि वीज येते त्या क्षणी रॅम, म्हणजे कामापुरती मेमरी, कोरी असते. म्हणून प्रोसेसर आधी मदरबोर्डवरच्या चिपमध्ये कायम साठवलेला प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर चालवतो. १९८१च्या आयबीएम पीसीत ते बायॉस होते, आज बहुतेक ठिकाणी यूईएफआय असते. बायॉस डिस्कचे पहिले ५१२ बाइट तेवढे उचलत असे आणि त्यांत पुढच्या, मोठ्या बूटलोडरला (ऑपरेटिंग सिस्टीम मेमरीत आणणाऱ्या प्रोग्रामला) बोलावण्यापुरत्याच सूचना मावत. ग्रबसारखा बूटलोडर मग कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, आणि रॅमडिस्क मेमरीत आणतो.

ही रॅमडिस्क म्हणजे एक चिमुकली लिनक्स प्रणालीच असते. खरी डिस्क उघडण्यासाठी लागणारा ड्रायव्हर (ते हार्डवेअर हाताळणारा प्रोग्राम) त्याच डिस्कवर असेल, तर कर्नलने तो आणायचा कुठून? तो रॅमडिस्कमध्ये आधीच ठेवलेला असतो. तिच्या आधाराने खरी डिस्क सापडली की कारभार तिकडे सोपवला जातो आणि रॅमडिस्कने अडवलेली मेमरी मोकळी होते. आमच्याकडच्या गुऱ्हाळात उसाचा रस उसाच्याच वाळलेल्या चिपाडांवर आटतो, तसेच काहीसे हे आहे.

काही प्रणाली मात्र काम झाल्यावर निघून जात नाहीत, त्या खालीच राहतात. आयबीएमने १९७२ साली आणलेल्या व्हीएम/३७०मध्ये एकाच मोठ्या संगणकावर प्रत्येकाला स्वतंत्र संगणक असल्यासारखा भासे. पीसीवर हे फार अवघड होते. अशा भासमान संगणकात चालणाऱ्या पाहुण्या प्रणालीने हार्डवेअरला हात घातला की प्रोसेसरने तिला थांबवून, हा भास उभा करणाऱ्या खालच्या प्रणालीला, म्हणजे हायपरवायझरला कळवावे, अशी अपेक्षा असते. पण पेंटियममध्ये १७ सूचना अशा होत्या की त्या अडवल्या न जाता चालत. इंटरप्ट (चालू काम थांबवायला लावणारे इशारे) बंद करण्याची मागणी तर मुकाट्याने दुर्लक्षिली जाई, त्यामुळे आपला हुकूम पाळला गेला असे पाहुणी प्रणाली समजून चाले. व्हीएमवेअर कंपनीने १९९९ साली अशा सूचना चालता चालता बदलून वाट काढली. २००५ साली इंटेलने आणि २००६ साली एएमडीने प्रोसेसरमध्येच सोय केली, आणि २००७ साली कर्नलमध्ये आलेल्या केव्हीएम या भागामुळे लिनक्स कर्नल स्वतःच हायपरवायझर झाला. विंडोजमध्ये हायपर-व्ही सुरू केले, तर नेहमीचे विंडोजसुद्धा त्या हायपरवायझरच्या वर चालू लागते.

त्याच जुन्या संगणकावर मी केव्हीएमच्या आत दुसरे डेबियन बसवले आहे. त्याची डिस्क म्हणजे माझ्या डिस्कवरची एक फाइल आहे आणि त्याचे बायॉस म्हणजे सीबायॉस नावाचा प्रोग्राम आहे. तो प्रोग्राम त्या फाइलचे पहिले ५१२ बाइट उचलतो, ग्रब येतो आणि एका छोट्या खिडकीत रॅमडिस्कची तीच ओळ पुन्हा उमटते. या वेळी तिच्याखाली एक अख्खे लिनक्स आधीपासून चालू असते.