आरशाची रिकामी जागा

एम४२ आट्यांची जुनी लेन्स सोनीच्या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्याला लावायचा अ‍ॅडॅप्टर डोळ्यासमोर धरला, तर आरपार दिसतं. आत काच नाही, सर्किट नाही. एका टोकाला ४२ मिलिमीटर व्यासाचे आटे, दुसऱ्या टोकाला फिरवून अडकवायचं बायोनेटचं कडं आणि मधे आतून काळी केलेली नळी, एवढाच ऐवज. नळीची लांबी मात्र २७.४६ मिलिमीटर हवी. ४५.४६ मधून १८ वजा केले की हा आकडा येतो. जुन्या मॅन्युअल लेन्स नव्या डिजिटल कॅमेऱ्यांवर कशा येऊन बसल्या, याची बरीचशी हकिकत या वजाबाकीत आहे.

लेन्स कॅमेऱ्याच्या ज्या कड्यावर टेकते, तिथपासून फिल्मपर्यंतच्या किंवा सेन्सरपर्यंतच्या अंतराला फ्लँज अंतर म्हणतात. लेन्स बनवणारा हे अंतर धरूनच लांबच्या डोंगराची प्रतिमा नेमकी फिल्मवर पडेल अशी रचना करतो. जवळचं काही टिपायचं तर लेन्स पुढे सरकते. अनंतावरून मागे मात्र तिला जाता येत नाही, तिथे तिची फिरकी संपते. त्यामुळे बॉडीचं अंतर लेन्सला हव्या असलेल्या अंतरापेक्षा कमी असेल तर मधली जागा कड्याने भरून काढता येते. जास्त असेल तर हाताशी असलेल्या फुलाचा फोटो येईल, डोंगराचा येणार नाही. मधे एक भिंग घालून हे दुरुस्त करता येतं, पण स्वस्त अ‍ॅडॅप्टरमधलं तसलं भिंग चांगल्या लेन्सची रया घालवतं.

एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामधे आरसा असतो आणि बटण दाबलं की तो वर उडतो. त्याला उडायला जागा लागते, म्हणून एसएलआरची फ्लँज अंतरं ४० ते ४७ मिलिमीटरच्या पट्ट्यात दाटीवाटीने बसली आहेत. कोनिका एआर ४०.५, कॅनन एफडी ४२, मिनोल्टा एसआर ४३.५, ऑलिम्पस ओएम ४६, निकॉन एफ ४६.५. कुणाचंच कुणाशी जुळत नाही. आरसा नसलेल्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांत ही अडचण नव्हती. लायकाच्या आट्यांच्या माउंटचं, म्हणजे लेन्स बसवायच्या जोडणीचं, अंतर २८.८ होतं. १९५४ साली एम३ आणताना लायकाने ते बरोब्बर एक मिलिमीटरने कमी करून २७.८ केलं. आधीच्या ग्राहकांच्या लेन्स एका पातळ कड्यावर नव्या कॅमेऱ्याला बसाव्यात, हा त्यामागचा हिशोब. अ‍ॅडॅप्टर हा हौशी लोकांचा जुगाड आहे असं वाटणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

एम४२ची गोष्ट याहून मोकळीढाकळी आहे. १९४९ साली ड्रेस्डेनच्या कॉन्टॅक्स एस या कॅमेऱ्यावर आणि प्रॅक्टिकावर हे आटे आले. १९५७ मध्ये जपानच्या आसाही कंपनीने पेंटॅक्ससाठी ते उचलले, सोव्हिएत झेनिटनेही घेतले, आणि पुढे लहानमोठ्या कितीतरी उत्पादकांनी. एका कंपनीची लेन्स दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यावर सहज चढायची. आज जुन्या लेन्सच्या वेडाची सुरुवात बहुतेकांच्या बाबतीत एम४२नेच होते, कारण इतक्या तऱ्हांच्या लेन्स दुसऱ्या कुठल्या माउंटमध्ये सापडत नाहीत. पेंटॅक्सने १९७५ मध्ये आटे सोडून के बायोनेट आणलं तेव्हाही ४५.४६ हे अंतर तेवढंच ठेवलं.

या गर्दीतलं सगळ्यात ओळखीचं नाव हेलिओस-४४, ५८ मिलिमीटर, एफ/२ (एफचा आकडा लहान, तेवढं लेन्सचं उजेडाचं भोक मोठं). तिचं मूळ येनाच्या झाइसमधलं. १९३६ साली किने एक्झाक्टा या ३५ मिलिमीटर एसएलआरसाठी झाइसने ५८ मिलिमीटरची बायोटार आणली होती. महायुद्धानंतर जर्मन आराखडे सोव्हिएत कारखान्यांत गेले. झाइस सोनारवरून ज्युपिटर घराणं निघालं आणि बायोटारवरून हेलिओस. क्रास्नोगोर्स्कला सुरू झालेली ही लेन्स झेनिट कॅमेऱ्याबरोबर प्रचंड संख्येने जगभर गेली. कपाटं आवरताना ती अजून निघते, ती त्यामुळेच.

ऑटोफोकस आला आणि या सगळ्या लेन्स उघड्यावर पडल्या. मिनोल्टाने १९८५ मध्ये नवं माउंट आणलं, अंतर ४४.५. जुनं ४३.५ होतं. कॅननने १९८७ मध्ये एफडी सोडून ईएफ आणलं आणि ४२चे ४४ झाले. दोन्ही ठिकाणी नव्या बॉडीचं अंतर जुन्यापेक्षा जास्त, म्हणजे वजाबाकी उलटी. कॅननने काही मोजक्या टेलिफोटो लेन्ससाठी भिंगाचा एक कन्व्हर्टर काढला होता, बाकीच्या एफडी लेन्स घरी बसल्या. वर्षानुवर्षं पैसे साठवून त्या घेतलेल्यांचा संताप मला कळतो. पण पुढे त्या ज्यांच्या हाती मातीमोलाने लागल्या, त्यांच्यात मीही आहे, त्यामुळे फार बोलत नाही.

डिजिटल आल्यावर या ४४ने एक गंमत केली. २००५ साली आलेल्या कॅनन ५डीचा सेन्सर पूर्ण ३५ मिलिमीटर फ्रेमचा होता, आणि ४४ हे अंतर एम४२, ओएम, निकॉन एफ या तिन्हींपेक्षा कमी. एम४२साठी १.४६ मिलिमीटरचं कडं पुरायचं, निकॉनसाठी अडीचचं. म्हणजे कॅननच्या डिजिटल बॉडीवर निकॉनच्या जुन्या लेन्स बसत होत्या, कॅननच्या स्वतःच्या एफडी बसत नव्हत्या. निकॉनवाल्यांची गत याच्या उलट. १९५९ पासूनचं माउंट टिकवल्यामुळे घरच्या लेन्स बहुतांशी चालायच्या, पण ४६.५ हे अंतर या गर्दीत जवळजवळ सर्वांत मोठं असल्याने पाहुण्यांना दार बंद.

बसत होत्या याचा अर्थ सुखाने वापरता येत होत्या असा नाही. फिल्मच्या एसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरच्या मधोमध दुभंगलेलं वर्तुळ असायचं. त्यातल्या उभ्या रेषेचे दोन तुकडे जुळले की फोकस बरोबर. डिजिटल बॉडीतून ते गेलं होतं. ऑटोफोकसच्या काळातला फोकसिंग स्क्रीन उजेड जास्त दाखवावा म्हणून बनवलेला, एफ/१.४ची खरी, कागदाएवढी पातळ फोकसची पातळी त्यावर दिसतच नाही. शिवाय अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं पात्यांचं भोक, हाताने मिटायचं, त्यामुळे एफ/८ला व्ह्यूफाइंडरमध्ये संध्याकाळ. काही लेन्सचा मागचा भाग ५डीच्या उडत्या आरशावर आपटायचा, आणि त्यासाठी आरशाची कड कानशीने घासून घेणारे महाभाग खरोखर होते.

त्या काळात जुन्या लेन्सना खरी मागणी आली ती व्हिडिओवाल्यांकडून. २००८च्या ५डी मार्क टूमध्ये पूर्ण फ्रेमचा व्हिडिओ होता, पण सुरुवातीला त्यात एक्स्पोजर कॅमेराच ठरवायचा. कॅननने २००९ मध्ये फर्मवेअरमधून (कॅमेऱ्यातल्या आज्ञावलीतून) ताबा हातात देईपर्यंत लोकांनी साधा उपाय काढला. अ‍ॅपर्चरची रिंग लेन्सवरच असलेल्या निकॉनच्या जुन्या लेन्स कड्यावर चढवल्या. ज्या रिंगला कॅमेऱ्याचा हातच लागत नाही, ती कॅमेरा कशी फिरवणार?

मग आरसाच गेला. एप्सनचा आरडी-१ हा २००४चा रेंजफाइंडर आणि लायकाचा २००६चा एम८ हे आधीचे मुक्काम होते, पण ते थोड्यांचे. २००८च्या अखेरीस पॅनासॉनिकचा जी१ आला. फ्लँज अंतर २० मिलिमीटरच्याही आत, आणि डोळ्याला सेन्सरवरचंच चित्र. २०१० मध्ये सोनीचे एनईएक्स आले, अंतर १८. इथे वजाबाकी पहिल्यांदा सगळ्यांच्या बाजूने झुकली. एफडीला २४ मिलिमीटरची नळी, लायकाच्या आट्यांना १०.८ची. ४५.४६ मधून १८ जाऊन जी २७.४६ मिलिमीटरची पोकळी उरते, ती एकेकाळी आरशाच्या हालचालीसाठी राखलेली जागा. अ‍ॅडॅप्टर विकत घेताना आपण तीच विकत घेतो.

जी१ आणि एनईएक्सचे सेन्सर पूर्ण फ्रेमपेक्षा छोटे, त्यामुळे एक हळहळ उरायची. जी१च्या मायक्रो फोर थर्ड्स सेन्सरवर ५० मिलिमीटरची लेन्स १०० सारखी वागते. मधला तुकडा तेवढा मिळतो, आणि लेन्सचं खरं वैशिष्ट्य असतं ते नेमकं कापलेल्या कडांना. २०१३ मध्ये मेटाबोन्सच्या स्पीड बूस्टरने नळीत मुद्दाम भिंग घालून चित्र ०.७१ पट आकसलं आणि एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, उजेडही मिळवून दिला. त्याच वर्षी सोनीचा ए७ जाहीर झाला. पूर्ण फ्रेम, १८ मिलिमीटर अंतर. पुढच्या वर्षीच्या ए७ मार्क टूमध्ये सेन्सरच हलून हाताची थरथर झेलू लागला. मेन्यूत ५८ मिलिमीटर एवढं सांगितलं की येनाच्या १९३६च्या आराखड्याला स्थिरीकरण मिळतं. फोकससाठी चित्र दहापट मोठं करून पाहता येतं, किंवा पीकिंग लावलं तर धारदार कडा रंगवून दाखवल्या जातात. मला पीकिंगचा भरवसा नाही. एफ/२ला ते पापण्या आणि कान दोन्ही लाल करतं.

पहिल्या आठवड्यात माझी फजिती झाली ती चंद्राचा फोटो काढताना. रिंग अनंताच्या खुणेपर्यंत नेली, निर्धास्त झालो आणि पंचवीस फोटो पुसट आले. दोष लेन्सचा नव्हता. अनंत हुकू नये म्हणून बरेचसे अ‍ॅडॅप्टर किंचित आखूडच बनवतात. ५८ मिलिमीटरच्या लेन्सला अ‍ॅडॅप्टर ०.२ मिलिमीटरने आखूड असेल, तर खरं अनंत लेन्सवरच्या सतरा मीटरच्या जागी येतं. त्यापुढे फिरवलं की आपण अनंताच्याही पलीकडे, जिथे काहीच नसतं. तेव्हापासून बॅरलवरचे आकडे मी शोभेचे मानतो.

उलट काही जुने दोष या कॅमेऱ्यांवर दोषच राहत नाहीत. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर वंगण उतरलं की पाती सुस्तावतात. एसएलआरवर ही लेन्स निकामी समजायची, कारण आरसा उडण्याच्या क्षणभरात पाती मिटली पाहिजेत. इथे आपण ती आधीच हाताने मिटवून ठेवलेली असतात, मग ती सावकाश मिटली म्हणून काय बिघडलं! सुपर-टाकुमार ५० एफ/१.४च्या सात भिंगांच्या आवृत्तीत थोरियमची काच आहे. अपवर्तन वाढवायला घातलेलं हे द्रव्य किरणोत्सारी असतं आणि वर्षांगणिक काच चहासारखी पिवळी होते. काही दिवस उन्हात किंवा अतिनील दिव्याखाली ठेवली की ती बरीच निवळते. नाही ठेवली तरी कॅमेऱ्याचा रंग सावरणारा व्हाइट बॅलन्स तो पिवळेपणा गिळतो. बुरशीचं मात्र तसं नाही. तिने लेपावर कोरलेली नक्षी साफ केल्यावरही राहते, आणि कडेने दिवा दाखवल्याशिवाय दिसत नाही.

हेलिओसची कीर्ती आहे ती भोवऱ्यासारख्या पार्श्वभूमीसाठी. मागे उन्हाचे कवडसे पडलेली झाडी हवी, माणूस मधोमध हवा आणि अ‍ॅपर्चर एफ/२ला पूर्ण उघडं. मग कडेचे प्रकाशबिंदू मांजराच्या डोळ्यासारखे चपटे होतात आणि माणसाभोवती फेर धरतात. तिरप्या येणाऱ्या किरणांना लेन्सच्या नळीची कड अडवते आणि कडेच्या भागातली फोकसची पातळी सपाट राहत नाही, म्हणून हे होतं. मायर-ऑप्टिकच्या तीन भिंगांच्या ट्रायोप्लान १००चे साबणाचे फुगे हे गोलीय विपथनाचं, म्हणजे कडेचे आणि मधले किरण एका जागी न जुळण्याच्या दोषाचं, देणं. आराखडा करणाऱ्यांच्या लेखी या उणिवाच होत्या, आणि पुढच्या पिढ्यांच्या लेन्समधून त्या प्रयत्नपूर्वक काढल्या गेल्या. आता त्यांना स्वभाव म्हणतात. मला हे पटतं, पण प्रत्येक फोटोत माणूस भोवऱ्यात उभा दिसायला लागला की एफ/५.६वरची हेलिओस आठवते. ती तिथे शांत आणि चांगली धारदार असते, आणि तिकडे कुणी फिरकत नाही.

आरशाने जाता जाता आणखी एक हिशोब चुकता केला. रेंजफाइंडरच्या वाइड लेन्स फिल्मला जवळजवळ चिकटून बसायच्या, त्यामुळे कडांना किरण फार तिरपे पडायचे. फिल्मला त्याचं काही नव्हतं. सेन्सरवर मात्र काचेचा थर असतो. तिरप्या किरणांना तो फाकवतो, म्हणून कडा पुसट होतात, कधी जांभळट. एसएलआरच्या वाइड लेन्सना आरशामुळे मागे सरकूनच राहावं लागे. १९५०च्या अँजेन्यू रेट्रोफोकसपासून ही उलट्या टेलिफोटोची रचना रुळली आणि बोजड म्हणून हिणवली गेली. तिचे किरण सेन्सरवर बऱ्यापैकी सरळ पडतात.

२०१८ मध्ये निकॉन आणि कॅननही या वाटेला लागले. निकॉन झेडचं अंतर १६, कॅनन आरएफचं २०. जुन्या एफ माउंटसाठी निकॉनने स्वतःच ३०.५ मिलिमीटरचा अ‍ॅडॅप्टर दिला, ईएफसाठी कॅननने २४चा. वजाबाकी तीच, पण या नळ्यांत विजेचे संपर्क आहेत आणि असावेच लागतात. ईएफ लेन्सवर अ‍ॅपर्चरची रिंग नाही; पाती हलतात ती बॉडीच्या हुकमाने. नुसत्या पोकळ नळीवर ती कायम सताड उघडी राहतात. नव्या मिररलेस लेन्समध्ये तर बहुतेक ठिकाणी फोकसची रिंगही मोटरला नुसता इशारा देते. कॅमेऱ्यावरून काढून हातात घेऊन फिरवली तर ती गरागरा फिरत राहते, आतलं भिंग जागचं हलत नाही. शेजारी ठेवलेली हेलिओस फिरवली की पुढचं तोंड आट्यांवरून वर येतं आणि अर्ध्या मीटरवर येऊन थांबतं.