सकाळी चालते, दुपारी पाय उचलत नाही. हे नाटक नाही!

"सकाळी तर नीट चालत होतीस, आता काय झालं?" एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्या घरात हे हमखास ऐकू येतं, आणि मला त्याचा खरंच राग येतो, कारण यामागचं विज्ञान इतकं स्पष्ट आहे.

वायरवर प्लास्टिक असतं तसं आपल्या नसांवर, म्हणजे मज्जातंतूंवर, मायलिनचं आवरण असतं, त्यात साधारण मिलिमीटरभर अंतरावर फटी असतात. संदेश आला की फटीतले सोडियम चॅनल, म्हणजे सोडियम आत सोडणारी दारं, उघडतात, सोडियम आत घुसतो, करंट तयार होतो आणि तो पुढच्या फटीतले चॅनल उघडतो. एमएसमध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतलं मायलिन खाते, मग करंट वाटेतच गळतो आणि पुढच्या फटीपर्यंत जेमतेम पोचतो. आता गंमत बघा, तापमान वाढलं की हेच चॅनल लवकर बंद होतात, म्हणजे प्रत्येक वेळी करंट अजून कमी. धडधाकट नसेला फरक पडत नाही, तिच्याकडे भरपूर शिल्लक असते, पण झिजलेल्या नसेत संदेश तिथेच अडकतो. त्याला शरीराचं तापमान अर्धा डिग्री वाढलं तरी पुरतं! विल्हेल्म उटहॉफ या जर्मन डॉक्टरने एमएसच्या रुग्णांची नजर व्यायामानंतर तात्पुरती अंधुक होते हे १८९० मध्येच नोंदवलं होतं. यात नवीन इजा होत नाही, अंग थंड झालं की ताकद परत येते.

मुंबईत तर दमट हवेत घाम वाळतच नाही, त्यामुळे अंग थंड होणार कसं? म्हणून व्यायाम सकाळी लवकर, पंख्याखाली, आधी मानेवर ओला टॉवेल, मध्ये मध्ये विश्रांती. ताठरलेला पाय सावकाश ताणायचा, झटका दिला की स्नायू उलट जास्त आवळतो. चालताना कमजोर बाजूला, किंचित मागे उभं राहून कमरेला आधार द्या, हात धरून ओढू नका, आणि जे तिला जमतंय ते तिलाच करू द्या, वेळ लागला तरी.

कुणी "बाहेरचं आहे" म्हणून अंगारा देतं, कुणी वात म्हणून वाफेच्या पेटीत बसवतं. वाफेने काय होईल ते वर वाचलंतच.

आणि ताप नसताना, गारव्यात बसूनही नवीन अशक्तपणा २४ तासांपेक्षा जास्त टिकला तर तो उष्णतेचा खेळ नसून रिलॅप्स, म्हणजे आजाराचा नवा झटका, असू शकतो, तेव्हा न्यूरॉलॉजिस्टला लगेच फोन करा.